सुकती कधी लागते? सोलापूरहून जाऊन किनाऱ्यानं एक दिवस चालायचं तर

हिप्परग्याच्या तलावाचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळीही असतं. सिद्धेश्वर तलावाचंही तसंच. उजनीचं पाणी सरकतं, पण महिन्यांच्या हिशेबानं: पावसाळ्यात वर, उन्हाळ्यात ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृतसाठ्यापर्यंत खाली. पाणी दिवसातून दोनदा पुढं येतं आणि दोनदा मागं जातं, जाताना मिळालेली वाट येताना नसते, हे सोलापूरच्या माणसाच्या अंगात मुरलेलंच नसतं. आमच्याकडून किनाऱ्यावर चालायला जाणाऱ्यांची बहुतेक फजिती इथूनच सुरू होते. बूट कोणते, टोपी कोणती, पाणी किती, हे सगळे विचारतात. सुकती किती वाजता, हे कुणी विचारत नाही.

सुकती म्हणजे ओहोटी. पुस्तकात ओहोटी, किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी सुकती. अमावास्या-पौर्णिमेच्या जोरदार भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपास पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही, त्याला भांग. वाळूच्या पट्ट्याला पुळण म्हणतात. हे चार शब्द घेऊन गेलं की समोरच्या माणसाशी बोलणं पटकन जुळतं. चालणाऱ्याला या दिवसात लागणारी निम्मी माहिती फोनवर मिळत नाही, वाटेतल्या माणसांकडेच मिळते, म्हणून शब्द आधी सांगितले.

आता वेळेचा हिशेब. त्याची सोय आपल्या घरच्या भिंतीवरच आहे, कारण दाते पंचांग सोलापूरचंच. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून पहाटे तीनच्या सुमारास एक भरती आणि दुपारी साडेतीनच्या आत दुसरी. भरती ते सुकती साधारण सव्वासहा तास, म्हणजे सकाळी सव्वानऊला पाणी सगळ्यात खाली. पक्ष शुद्ध असो की वद्य, आकडा तोच. एका भरतीपासून दुसरी भरती बारा तास पंचवीस मिनिटांनी येते, म्हणून रोज वेळ सरासरी पन्नास मिनिटांनी पुढं ढकलली जाते. ठोकताळ्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरायची. शिवाय दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या खोल नसतात, एक जास्त उतरते, एक कमी. त्यामुळे दिवस ठरवायला पंचांग, नेमकी वेळ बघायला भरती-ओहोटीचं कोष्टक, आणि प्रत्यक्ष पाऊल टाकायच्या आधी तिथला माणूस, असा क्रम ठेवावा.

चालायला सर्वांत चांगल्या तिथ्या तृतीया, चतुर्थी, पंचमी. तृतीयेला सुकती साडेआठच्या सुमारास, पंचमीला दहाच्या. सुकतीच्या आधीचे दोन-अडीच तास आणि नंतरचे दोन तास ओली, घट्ट पुळण पायाखाली मिळते, म्हणजे पहाटे साडेसहाला निघून अकरा-साडेअकरापर्यंत चालणं उरकतं. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो, त्यामुळे तृतीयेला पाणी चांगलंच मागं गेलेलं असतं. पौर्णिमेला जाऊ नये. चांदण्याच्या मोहानं लोक नेमकी तीच तारीख काढतात, आणि सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास भरती अंगावर येते. घट्ट वाळू पाण्याखाली, चालायला वरची भुसभुशीत. अष्टमीला सुकती दुपारी सव्वाबाराच्या पुढं आणि तीही भांगाची, उथळ. एकादशीला दुपारी अडीच. एकादशीला आपलं पंढरपूर बरं.

चतुर्थीत एक मेख आहे. खाली सांगितलेली वाट गणपतीपुळ्याला जाते, आणि वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. त्यातून अंगारकी असेल तर देवळाजवळच्या पुळणीवर पाय ठेवायला जागा नसते. गर्दी नको असेल तर शुद्ध चतुर्थीच्या मागचापुढचा दिवस बघावा किंवा वद्य तृतीया. महिने दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. जानेवारीच्या मध्यात गड्ड्याची जत्रा सोडून सोलापूरचा माणूस तसाही कुठं जात नाही, तेव्हा तो आठवडा आपोआप वगळला जातो. जून ते सप्टेंबर हा विचारच करू नये. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, पुळणीवर विचारायला माणूस क्वचितच मिळतो, आणि पाणी कुणाचं ऐकत नाही.

वाट कोणती? सोलापूर आणि रत्नागिरी एकाच महामार्गाच्या दोन टोकांकडची गावं आहेत. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी. अंतर साधारण साडेतीनशे ते पावणेचारशे किलोमीटर, म्हणजे पूर्ण रात्रीचा प्रवास. थेट गाडी मिळाली नाही तर कोल्हापुरात बदलावी. रात्रभर बसून पहाटे उतरून लगेच चालायला सुरुवात, हा बेत कागदावर छान दिसतो आणि पायांना झेपत नाही: घाटातली वळणं, अर्धी झोप, सुजलेले पाय. पोचल्याचा दिवस आराम, दुसऱ्या दिवशी चाल, त्या रात्री परत. दोन रात्री गाडीत, मधली एक किनाऱ्यावर.

चालायचा टप्पा आरे-वारे ते मालगुंड. आरे-वारे ही लागून असलेली दोन किनारी गावं, मध्ये डोंगराचं टोक आणि त्यावरून जाणारा रस्ता. तिथून उत्तरेकडे नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे आणि मग मालगुंड. रस्त्यानं गणपतीपुळ्यापर्यंत दहा-बारा किलोमीटर, पुढं मालगुंड दीड-दोन. पुळण, टेकाड, पुन्हा पुळण असं करत जाताना थोडं वाढतं. रत्नागिरीहून सुरुवातीच्या जागी एसटीनं जायचं असेल तर नुसतं ‘गणपतीपुळे का?’ विचारून बसू नये. ‘आरे-वारेवरून जाते ना?’ असं विचारावं, कारण गणपतीपुळ्याला आतल्या रस्त्यानंही जाता येतं, आणि मग समुद्र थेट शेवटीच दिसतो.

सामानाबद्दल थोडक्यात, पण दोन गोष्टी सोलापूरकरांसाठी खास. पहिली: टॉवेल घरी ठेवा. हे लिहिताना हात अडखळतो, पण आपला जाडजूड टर्किश एकदा खाऱ्या पाण्यात भिजला की दिवसभर वाळत नाही आणि पाठीवर विटेसारखा बसतो. पातळ पंचा न्यावा. तो डोक्याला बांधता येतो, मानेवर टाकता येतो, अर्ध्या तासात वाळतो. दुसरी: कडक भाकरी. आपल्या हवेत ती आठवडाभर कुरकुरीत राहते, कोकणातल्या दमट हवेत उघडी ठेवली तर काही तासांत मऊ पडते आणि चामड्यासारखी चिवट होते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, कागदात गुंडाळून न्यावी आणि एका वेळी लागेल तेवढीच बाहेर काढावी. शेंगा चटणीला काही होत नाही. ती पाव-पाव किलोच्या दोन-तीन पुड्यांत न्यावी. का, ते पुढं येईल.

पाणी माणशी तीन लिटर. सोलापूरच्या माणसाला ऊन माहीत असतं, घाम माहीत नसतो. आपल्याकडे बेचाळीस अंशांतही घाम येतो तसा उडून जातो, म्हणून अंग कोरडं वाटतं. तिथं बत्तीसलाच शर्ट पिळून काढायची वेळ येते, कारण हवेत आधीच ओल भरलेली असते आणि घाम वाळत नाही. घाम वाळला नाही की अंगही गार होत नाही. ‘हे कसलं ऊन, आमच्याकडे बघा’ म्हणणारे साडेदहाला माडाखाली बसलेले दिसतात. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी चार घोट, आणि एका बाटलीत चिमूटभर मीठ व साखर. मांड्या घासतात तिथं निघतानाच खोबरेल लावावं. वाळू आणि मीठ दोन्ही कापडात शिरलं की मग लावून उपयोग नाही.

पायात पट्ट्यांचे, तळ जाड असलेले सँडल. बूट-मोजे घातले तर वाळू आत राहते आणि मोज्याच्या शिवणीजवळ फोड येतात. कोल्हापुरी चप्पल खाऱ्या पाण्यात भिजून वाळली की आकसते आणि कडक होते, ती देवळापुरती. अनवाणी चालणं सुखाचं, पण सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. शहरातल्या तळव्यांना ओली वाळू पॉलिशपेपरासारखी घासते आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं.

पुळणीवर कुठून चालायचं हेही ठरलेलं असतं. वर, झाडांजवळची कोरडी वाळू पाय गिळते; तिथं रस्त्यापेक्षा दुपटीच्या आसपास ताकद जाते आणि ताशी अडीच किलोमीटरही होत नाहीत. अगदी पाण्याच्या कडेला लाट चाटून जाते तिथली वाळूही मऊ. मधला पट्टा, जिथं पाणी नुकतंच उतरलंय आणि वाळू गडद रंगाची पण चकचकत नाही, तो आपला. टाच टेकल्यावर ठसा अर्ध्या बोटापेक्षा खोल जात नसेल तर पट्टा बरोबर. तिथं ताशी चार किलोमीटर आरामात. दक्षिणेकडून उत्तरेला जाताना समुद्र डावीकडे राहतो आणि पुळणीला उतार असतो, म्हणजे डावा पाय सतत खाली, उजवा वर. तासाभरात कळत नाही, चौथ्या तासाला कंबर आणि गुडघा कुरकुरतात. सुकती पूर्ण लागल्यावर खालचा सपाट भाग उघडा पडतो, तेव्हा खाली उतरून तिथून चालावं.

सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, मंद. डोंगर जवळ असेल तिथं पुळणीवर सावलीही बराच वेळ टिकते. अकराच्या सुमारास वारा फिरतो, समुद्राकडून आणि बराचसा समोरून येऊ लागतो. गार वाटतं, पण नाकाडावर आणि पोटऱ्यांवर कातडी भाजते ती नेमकी याच वेळात, कारण वाळूवरून परतलेलं ऊन खालून लागतं आणि वाऱ्यामुळे जाणवत नाही.

आता माणसं.

पहाटे पुळणीवर दिसणारा पहिला माणूस बहुतेक वेळा पागवाला असतो. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाचे मणी ओवलेले. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो जाळ्याचा एक भाग कोपरावर घेतो, कडेचा एक मणी दातात धरतो आणि कमरेत वळून फेकतो. जाळं हवेत ताटासारखं उघडतं आणि सगळे मणी एकाच वेळी पाण्यात पडतात. फोटोसाठी लोक त्याच्यासमोर, पाण्याच्या बाजूला जाऊन उभे राहतात. मासे सावलीला आणि पायांच्या धपधपीला बिचकतात, त्यामुळे त्याचे दोन-तीन फेक वाया जातात. तो काही बोलत नाही, फक्त पुढं सरकतो. त्याच्या मागं, दहा पावलांवर थांबावं. त्यानं जाळं ओढून वाळूवर झटकलं की मग बोलावं. ‘काका, काय घावलं?’ एवढं पुरतं. त्यानंतरचा प्रश्न कामाचा: पुढच्या टोकाला खालून वाट आहे का.

हा प्रश्न विचारायची एक पद्धत आहे. ‘इकडून जाता येतं का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो, जातात की’ असंच येतं. ते खोटं नसतं. ते स्वतः जातात, अनवाणी, शेवाळ कुठं आहे हे माहीत असताना, पूर्ण सुकतीला. तुम्ही पाठीवर पिशवी घेऊन, पाणी चढत असताना जाणार आहात हे त्यांच्या डोळ्यापुढं नसतं. म्हणून ‘तुम्ही आत्ता या वेळेला जाल का, का वरून जाल?’ असं विचारावं. माणूस लगेच मान वर करतो, पाण्याकडे बघतो, मग तुमच्या पायांकडे बघतो आणि खरं उत्तर देतो. बरेचदा ते ‘पाखाडीनं वर चढा’ असंच असतं. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाची पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. ती घरांच्या मधून जाते, त्यामुळे आपण कुणाच्या तरी अंगणातून चाललोय असं वाटतं. वाट सगळ्यांची असते, पण पडलेला नारळ मात्र वाडीवाल्याचा. उचलू नये.

अंतरही किलोमीटरमध्ये विचारू नये. ‘जवळच आहे’ हे उत्तर अर्ध्या किलोमीटरलाही मिळतं आणि चारलाही. ‘चालत किती वेळ लागतो?’ विचारावं आणि मिळालेल्या वेळेत निम्मा आपल्यासाठी मिळवावा.

सुकती लागली की खडकांवर कालवं काढणाऱ्या बायका येतात. एका हातात टोकदार लोखंडी हत्यार, दुसऱ्या हाताशी भांडं. खडकाला चिकटलेल्या शिंपल्याचं वरचं कवच एका ठोक्यात उडवायचं, आतला करड्या रंगाचा गर टोकानं उचलायचा आणि भांड्यात टाकायचा. एकेक गर नखाएवढा. वाटीभर व्हायला किती ठोके लागत असतील याचा अंदाज दोन मिनिटं बघितल्यावर येतो. त्यांच्याकडे सुकतीचे तीनच तास असतात, म्हणून त्यांना थांबवून गप्पा मारू नयेत. काम चालू राहू द्यावं, बाजूला उकिडवं बसावं आणि बोलावं. त्या हात न थांबवता बोलतात, आणि प्रश्न त्याच जास्त विचारतात. कुठून आलात, चालत कशाला, गाडी बंद पडली का, घरी कोण कोण. सोलापूर म्हटल्यावर पुढचं वाक्य हमखास पंढरपूरचं. कोकणातून वारीला जाणारी घरं पुष्कळ, त्यामुळे चादरीच्या आधी विठ्ठल निघतो. ‘आमच्याकडून या की यंदा’ म्हणायला हरकत नाही, पण म्हटलं तर ते मनापासून असावं, कारण समोरची बाई तारीख विचारते.

या बायकांचा आणखी एक उपयोग आहे आणि तो घड्याळापेक्षा भरवशाचा. पाणी वळलं हे सगळ्यात आधी त्यांना कळतं, कारण त्या खालच्या कडेच्या खडकावर बसलेल्या असतात. त्या एकेक करून वरच्या खडकाकडे सरकायला लागल्या की सुकती संपली. भांडी उचलून निघाल्या की तुम्हीही खडकाची बाजू सोडायची, कोष्टक काहीही म्हणो. खडकावर चालायचंच असेल तर कोरड्या, खरबरीत जांभ्यावर पाय द्यावा. हिरवं दिसतं ते शेवाळ, काळं चमकतं तेही शेवाळच. आणि हात टेकून तोल सावरायला जाऊ नये. फुटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि ती जखम लवकर भरत नाही. लागलंच तर गोड्या पाण्यानं धुऊन आतली कवचाची कपची काढल्याशिवाय पट्टी बांधू नये.

रापण ओढताना दिसली तर नशीब. होडी समुद्रात अर्धगोल मारून जाळं सोडते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन रांगा ते ओढत ओढत एकमेकींकडे सरकतात. हात लावायचा असेल तर आधी विचारावं, दाखवतील तिथं धरावं. दोराला मनगटाभोवती वेढा देऊ नये. लाटेनं जाळं मागं खेचलं की हात निघत नाही. ओढायचं ते दंडांनी नाही, अंगाचा भार मागं टाकून, टाचा रोवून. शेवटी मदत करणाऱ्यालाही मूठभर मासे द्यायची रीत आहे. नको म्हणू नये. शाकाहारी असाल तर घ्यावे आणि पुढच्या घरात द्यावे. वाळत घातलेल्या जाळ्यावरून मात्र कधीही चालत जाऊ नये, वळसा घ्यावा. चपलेखाली एक फास तुटला तर कुणाची तरी संध्याकाळ तो सांधण्यात जाते.

बोलण्याबद्दल एक खास सूचना. आपला ‘बे’ आपल्यापुरता. सोलापुरात ‘काय बे’ म्हणजे खांद्यावर हात, तिथं अनोळखी माणसाला ते उर्मट वाटतं. आपसात बोलतानाही आवाज खाली ठेवावा, कारण दोन सोलापूरकर प्रेमानं बोलत असले तरी लांबून भांडण वाटतं. वडीलधाऱ्या पुरुषाला काका, बाईला मावशी किंवा काकू, तरण्याला दादा, म्हातारीला आजी. ‘ओ’ म्हणून हाक मारू नये.

रस्त्यावर आलात की गाड्या थांबतात आणि लोक ‘बसा, सोडतो’ म्हणतात. ‘चालायचंच ठरवलंय’ असं हसून सांगावं. कारण सांगत बसलं की त्यांना ते पटत नाही आणि आणखी एक गाडी थांबते. वाट दाखवल्याबद्दल पैसे देऊ नयेत, अपमान होतो. शहाळं, चहा, कोकम सरबत यांचे मात्र विचारून, मागितले तेवढे द्यावे. आणि पाणी भरून दिलं, ओटीवर बसायला दिलं, तर तिथं शेंगा चटणीची पुडी निघते. ‘आमच्या गावची आहे’ एवढंच म्हणायचं. उलट हातात कोकमं किंवा आंबोशी पडली तर तीही घ्यायची.

जेवण हे आधी सांगायचं प्रकरण. घरगुती खाणावळीत माणसं मोजून तांदूळ धुतात. अकराला पोचून ‘काय आहे?’ विचारलं तर भात होईपर्यंत तासभर बसावं लागतं, आणि उकडीचे मोदक तर आदल्या संध्याकाळी सांगितल्याशिवाय नाहीतच. किती जण, शाकाहारी किती, किती वाजता, हे आदल्या दिवशी फोन करून सांगावं. आणि सांगितलं तर जावं.

वाटेत वहाळ, म्हणजे ओढे, आणि खाडीची तोंडं लागतात. नियम एकच: पूल असेल तिथूनच. सुकतीला खाडीचं तोंड गुडघाभर दिसतं, पण आतलं सगळं पाणी त्याच अरुंद वाटेनं बाहेर पडत असतं, त्यामुळे मधल्या धारेला ओढ जबरदस्त असते आणि खालची वाळू पायाखालून निघून जाते. पुलानं जायला वीस मिनिटं जास्त लागतात. लागू द्यावीत.

समुद्रात उतरायचं तर घोट्यापर्यंत. आरे-वारे आणि गणपतीपुळे दोन्हीकडे पाण्यात गेलेली माणसं बुडाल्याच्या घटना घडलेल्या आहेत, आणि त्यात पोहता येणारेही असतात. तलावात किंवा विहिरीत शिकलेलं पोहणं इथं कामाला येत नाही. लाट किनाऱ्याशी फुटते, परत जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते, माणूस बसतो आणि पुढची लाट त्याला उठू देत नाही. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये शांत, गडद पाण्याचा पट्टा दिसला तर तो उतरायला बरा वाटतो. पाणी समुद्राकडे परत जायची वाट नेमकी तीच असते. जीवरक्षक शिट्टी मारतो तेव्हा वाद घालू नये.

गणपतीपुळ्यात दहाच्या पुढं पोचलात तर गर्दीत वेळ जातो. दर्शन घ्यायचं असेल तर रांगेचा अंदाज घेऊन ठरवावं. देवामागच्या डोंगराला प्रदक्षिणा सुमारे एक किलोमीटरची आहे, ती आधीच्या दहा किलोमीटरनंतर जड वाटते. वाळूनं भरलेले पाय आधी गोड्या पाण्यानं धुवावेत, ओले पाय फरशीवर घसरतात.

मालगुंडपर्यंतचा शेवटचा तुकडा बहुतेक जण सोडून देतात. सोडू नये. गर्दी मागं राहते, आणि गावात केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे. १८६६ चा जन्म. कौलारू घर, पडवी, गार जमीन. चार तास उन्हात चालून आलेल्या माणसाला कविता आठवो न आठवो, त्या सावलीत बसल्यावर पाठ सरळ होते.

परतीची गाडी वेळापत्रकावर सोडू नका. थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर बसा, एक चहा घ्या आणि रत्नागिरीकडे जाणारी पुढची एसटी कधी, हे मालकाला विचारा. तो वेळ सांगेल, शिवाय ती आज आली की नाही हेही सांगेल. मग सँडल काढून एकमेकांवर आपटा, पट्ट्यांच्या खाचेतली वाळू काडीनं काढा, कोरडा शर्ट घाला. ओला पंचा बाहेरच्या कप्प्यात ठेवा. गाडीचा आवाज तुमच्या आधी टपरीवाल्याला ऐकू येतो. तो रस्त्यावर येऊन हात करतो आणि ड्रायव्हरला ओरडून सांगतो, ‘थांब जरा, सोलापूरचे पावणे आहेत.’